बॅटरीवरचा जांभळा ठिपका

हेब्बाळ, बंगळूर

ती. आबांना शालनचा नमस्कार.

मी बरी आहे. आईचा खोकला कमी झाला का?

चंदनदादाने आणलेल्या नव्या इन्व्हर्टर बॅटरीच्या पूजेचा फोटो पाहिला. कुंकवाशेजारी जांभळा ठिपका आहे. आमच्या कारखान्यात तपासणीत नापास झालेल्या बॅटरीवर मी असाच ठिपका लावते, माझ्या नेलपॉलिशचा. पेनाची शाई पुसली जाते.

अशी बॅटरी फुगते, कधी पेटही घेते. चिठ्ठी मिळताच वायरमनकडून काढून घ्या, अंगणात लांब ठेवा.

तुमचा फोन दादाच उचलतो, म्हणून आज गावी निघालेल्या मामांच्या हाती ही चिठ्ठी देतेय. बॅटरी कुठून आणली, एवढंच त्याला विचारा. माझं नाव काढू नका.

गेल्या महिन्यात तो इथे आला होता. नापास मालाचं गोदाम मीच त्याला कौतुकाने दाखवलं.

तुमची,
शालन