लव्हबर्ड्सचा झोका

५ जुलै १९६४, रविवार. पौड.
साबेरा पुण्याला टीबीच्या हॉस्पिटलात जाऊन चार महिने झाले. आज बायकोला भेटायला जायचं नक्की होतं. निघताना पिंजऱ्याकडे लक्ष गेलं. दांडी पार कुरतडलेली. तिचे जीव की प्राण असलेले लव्हबर्ड्स पडले तर पेशंटला केवढा धक्का बसेल. गेलो नाही. जबाबदारी म्हणजे जबाबदारी. पुढच्या रविवारी नक्की.

७ जुलै.
दांडी म्हणून कचेरीतला रेघा आखायचा गोल रूळ आणून बसवला. शिसवी, गुळगुळीत, सरकारी. पक्षी घसरून तळाला बसतात. चांगल्या मालाची सवय नाही त्यांना.

१० जुलै.
मामलेदारांनी रूळ मागितला. परत नेला. पुसायचा राहिला होता.

१२ जुलै, रविवार.
गेलो नाही. पाऊस. एस.टी. चालू होती, पण घाटाकडचा पाऊस, भरवसा काय. शिवाय कण्हेरीची छान सरळ फांदी तोडून आणली होती. शेजारच्या रत्नाबाईंनी हातातून ओढून बाहेर फेकली. म्हणाल्या, "इख हाय त्ये, भाऊसाहेब. पेरूची फांदी लावा, धुऊन, सालीसकट. साबेराभाबी तीच लावायच्या. कधी बघितलं न्हाई व्हय?"
विषारी असते हे मला ठाऊक होतंच. आणि पेरू हा काही सायंटिफिक उपाय नव्हे.

१९ जुलै, रविवार.
सकाळची गाडी दारावरून गेली तेव्हा मी पिंजऱ्यात दांडीऐवजी टांगायच्या झोक्यासाठी दोरी निवडत होतो. काथ्या टोचतो. पोत्याच्या सुतळीला रॉकेलसारखा वास. दोर वळणाऱ्या भिवाजीला विचारलं. तो म्हणाला, "घट पिळाची, मऊ दोरी घ्या. धागा सुटला की कापायचा. रोज बघाया लागतं." रोज बघायला मी काय रिकामा आहे?
साबेराचं पत्र आलं. तिचा भाऊ नसीर कोळवणहून दर रविवारी तिला भेटायला जातो म्हणे. त्याला काय, त्याच्याकडे पिंजरा नाही.

२ ऑगस्ट, रविवार.
मार्चमध्ये गेलो होतो की एकदा. दारातूनच बोललो. नाकावर रुमाल धरला तो फिनेलच्या वासामुळे. तिनं खुर्ची पुढे केली. मी म्हटलं, उभाच बरा आहे. आता डॉक्टर म्हणतात, तिच्यापासून धोका नाही. डॉक्टरांचं ठीक आहे, त्यांना सवय असते.

१५ ऑगस्ट.
झेंडावंदन करून आलो. ओव्हरसियरनं पुण्याहून नायलॉनची दोरी आणून दिली. तुटत नाही, कुजत नाही. प्रश्न मिटला. झोका टांगला. साबेराला कार्ड टाकलं, येतोच.

१६ ऑगस्ट, रविवार.
नायलॉनचा एक तंतू सुटून मादीच्या पायाला गुंडाळला गेला. सकाळी बघतो तर उलटी लटकलेली. बोट काळं पडलं होतं. रत्नाबाईंनी कात्रीनं सोडवलं. दिवसभर ती तळाला बसून होती. मला रडू आलं. पक्ष्यासाठीच.
गाडी चुकली.

२३ ऑगस्ट, रविवार.
पेरूची फांदी लावली. दोघं लगेच चढून बसले. मादी एका पायावर, पण बसली. आता करायचं काहीच राहिलं नाही. दाढी केली, टोपी घातली, स्टँडवर गेलो. गाडी उभी होती, निम्मी रिकामी. म्हटलं, पुढची बघू. पुढचीही बघितली.

३० ऑगस्ट, रविवार.
नसीर आला. वाटलं, मला न्यायला आलाय. कपडे चढवलेलेच होते. तो बसला नाही. म्हणाला, "दुल्हाभाई, आपाला सोमवारीच सुटी मिळाली. आमच्याकडं हाय, कोळवणला. पाखरं तेवढी आन म्हनली."
विचारलं, मी येऊ का सोबत? त्यानं पिंजऱ्याचं दार नीट लागलंय ना ते बघितलं. म्हणाला, "त्ये काय ती बोलली न्हाई."
स्टँडपर्यंत पिंजरा मीच नेला. घरी येऊन हे लिहितोय. मी तिच्या आजाराला भीत होतो. तिला ते मार्चमध्येच कळलं होतं.