तीन नंबरच्या तळ्याचा पीएच

३ मार्च
कोळंबीचं तीन नंबरचं तळं आजपासून माझ्या ताब्यात. दादा जाऊन तीन महिने झाले. एक आणि दोन नंबर वहिनी सांभाळते. तिची अट: तीनची कोळंबी नीट निघाली तर तिन्ही तळी मी बघायची. नाहीतर तिचा भाऊ येणार. माझीही अट: तीनच्या बांधावर कुणी फिरकायचं नाही, सल्ला द्यायचा नाही. वहिनी म्हणाली, बरं भाऊजी. ते 'बरं' जरा लांबवलं.

४ मार्च, सकाळी ११
दादा पाण्याचा पीएच दोनदा मोजायचा, सूर्य उगवताना आणि दुपारी तीनला. लोकांना पहाटे उठवायचा नुसता हट्ट. मी एकदाच मोजणार, पण शास्त्रशुद्ध. मीटर किती घाण ठेवला होता त्याने! टोपणात कसलंसं पाणी साचलेलं. ते फेकलं, सेन्सरची काडी खडखडीत कोरडी केली, मखमली डबीत ठेवली. रीडिंग ७.९. उत्तम.

९ मार्च
रोज ७.९. दादाच्या वहीत आकडे सकाळी खाली, दुपारी वर. माझं पाणी शिस्तीत आहे. उद्यापासून व्यायाम.

१० मार्च
व्यायाम नाही. पाठ धरली.
दादाचे गमबूट दाराशी ओले. चिखल ताजा. मी तर ते घालत नाही. मी भित्रा नाही, नोंद असावी.

१२ मार्च
बांधावर पाठीमागे कुणीतरी उभं आहे असं वाटतं. दादा असाच उभा राहायचा, काही न बोलता, मी काय चुकतोय ते बघत. मागे वळलो नाही. मान अवघडली आहे.

१५ मार्च
शेडमधल्या वहीत, माझ्या ७.९ च्या खाली, पेन्सिलीने: 'सकाळी ६, ७.३. दुपारचं बघणे.' जुन्या वह्या काढून ताडून पाहिलं. तोच तिरका सात. दादाचंच अक्षर. चहा घेतला. दोनदा.

१६ मार्च
आजही लिहिलंय. भीती मात्र गेली, उलट बरं वाटतंय. जिवंतपणी दादाने मला मीटरला हात लावू दिला नाही. म्हणायचा, तू खाद्याची पोती मोज, तेवढं पुरे. आता माझ्यासाठी रोज येतो! मीही खाली लिहिलं: दादा, जमतंय ना मला?

१७ मार्च
उत्तर आलं. 'सकाळी ६, ७.३. जमेल. दुपारी मोजणे.'
जमेल! बारा वर्षं या एका शब्दासाठी त्याच्या मागे मागे फिरलो. शेडमध्ये बसून रडलो. मग दुपारी मोजणारच होतो, पण रडून झोप फार छान लागते.

१९ मार्च, दुपारी २
दादा ७.३ म्हणतो, मीटर ७.९. मेल्यावर चष्मा मिळत नसावा. तरी थोरल्याचा मान राखायला हवा. आकडा वर न्यायला चुना टाकतात, एवढं मला कळतं. दादा एक पोतं टाकायचा, तेही बेताने. मी भर उन्हात चार टाकली. वहिनी खाद्य आणायला गेली होती, त्यामुळे कुणाची लुडबुड नव्हती. चुन्यानंतरही मीटर ७.९. याला म्हणतात कंट्रोल.

संध्याकाळी ५
कोळंबी काठाला जमली आहे. ओळख पटली असावी.

२० मार्च
निम्म्याहून जास्त मेली. उरलेलीही जाणार.
लॅबवाला आला. त्याच्या किटवर पाणी ९.६. माझा मीटर त्याने व्हिनेगरमध्ये बुडवला. ७.९. माझ्या चहात बुडवला. ७.९. म्हणाला, काडी वाळून मेलीये, टोपणातलं पाणी तिच्यासाठीच होतं. आणि जिवंत तळ्याचा आकडा कधी एका जागी बसत नाही. उन्हात चढतो, पहाटे उतरतो. तुम्ही चढलेल्यावर चार पोती ओतलीत.
मी म्हणालो, मला वाटलंच होतं.
वहिनी गुडघाभर पाण्यात उभी राहून पंपाचा पाइप ओढत होती. दादाचे बूट तिच्या पायात.

२१ मार्च
वहिनी रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, बांधावर यायचं नाही म्हणालात, म्हणून पहाटे एक-दोनच्या मीटरने गुपचूप मोजून वहीत लिहीत होते. मी म्हणालो, पण अक्षर दादाचं होतं. ती म्हणाली, त्यांना लिहायचा कंटाळा. ते आकडा सांगायचे, मी लिहायची. पहिल्यापासून.
म्हणजे दादाचं अक्षर मी कधी पाहिलेलंच नाही.
मग विचारलं, 'जमेल' कुणी लिहिलं? वहिनी जाळं धुवायला निघून गेली.

२२ मार्च, सकाळी ८
पहिल्यांदाच पहाटे उठलो. तासभर बांधावर उभा होतो. पाठीमागे कुणी असल्यासारखं वाटेल म्हणून थांबलो. मुद्दाम वळून पाहिलं, तीनदा. ओरडायला तरी येशील, असं मोठ्याने म्हणालोही. पाणी जसंच्या तसं.
शेवटी मागे पावलं वाजली. वहिनीचा भाऊ होता. म्हणाला, जरा बाजूला व्हा, पाणी मोजायचंय.
झालो.