साडेसतरा इंच

४ फेब्रुवारी
मी शिवलेल्या शर्टाच्या कॉलरचं बटण यांना लागतच नाही! इतकी वर्षं यांचा गळा साडेपंधरा. आज टेप धरली — साडेसतरा! पुन्हा मोजलं. तेवढंच. कानांखाली, दोन्ही बाजूंना मऊ मऊ गोळे. "अगं, सुटलोय मी!" म्हणे. आणि पोट? ते तर खपाटीला गेलंय.

५ फेब्रुवारी
दोन ब्लाउज उलटे शिवले, उसवले. तो रोग नको रे देवा. लेकीला कळवलं नाही. ती नोकरीच्या गावी एकटी, तिला कशाला घोर!

११ फेब्रुवारी
हे छापखाना बंद ठेवायला तयार नव्हते. ओढतच नेलं. सर्जनने मान चाचपली, सुई टोचून नमुना घेतला, स्कॅन सांगितला. "घाबरू नका," म्हणाले. तेव्हाच जास्त घाबरले.

१८ फेब्रुवारी
चरबी! नुसती चरबी! तिथेच रडले.

"फार क्वचित दिसतो हा प्रकार," सर्जन म्हणाले. "कॅन्सर नाही, पण श्वासनलिका दाबली जातेय. काढावी लागेल." मग यांच्याकडे बघून — "दारू किती घेता?"

मीच फाडकन म्हणाले, "थेंबाला शिवलेले नाहीत हे!"

हे स्कॅनच्या कागदाची घडी घालत बसले. "न पिणाऱ्यांनाही होतं कधीकधी," सर्जन म्हणाले. तरी माझा राग गेला नाही. काय माणसं असतात!

३ मार्च
आज ऑपरेशन होतं. झालं नाही.

भूल देणाऱ्या डॉक्टरीणबाई रिपोर्ट घेऊन आल्या. "यकृत बरं दिसत नाही. पीत असाल तर आत्ता सांगा. एकदम बंद झाली तर झटके येतात, जिवावर बेतेल."

हे भिंतीकडे बघत म्हणाले, "अकरा वर्षं. रोज. छापखान्यात."

अकरा! आणि मी समजत होते, थिनरचा वास येतो कपड्यांना.

बाहेर जाऊन बाकावर बसले. कुणी काही विचारलं असतं तर ओरडले असते. मग आत गेले. यांचे हात धरले. राग होताच — तरी धरले. आधी दारू सोडवायची, मग गाठी, असं ठरलं.

४ मार्च
लेकीला फोन केला. म्हटलं, बाबा पितात गं. काल स्वतःच कबूल केलं.

आधी तिकडे दार लावून घेतल्याचा आवाज आला. मग — "सुटले गं मी! शाळेत होते तेव्हा शपथ घातली होती बाबांनी, आईला सांगायचं नाही म्हणून."