तीन टिचक्या

दि. ९ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

आपला पाणमांजराचा चित्रपट वन्यजीव चित्रपट महोत्सवात निवडला गेला. उत्कृष्ट ध्वनीच्या पुरस्कारासाठी शेवटच्या तिघांतही आहे, म्हणजे खरं तर दादाच आहे. बिळातल्या मादीचा श्वास इतक्या जवळून आम्ही आजवर ऐकला नव्हता, असं परीक्षकांनी कळवलंय. वाचून मला भरून आलं.

आता तुमच्यासाठी काम. महोत्सवाला प्रत्येक ध्वनिमुद्रणाची लेखी नोंद लागते. दादा दर वेळी सुरुवातीला तारीख, वेळ, जागा, वारा बोलून ठेवायचा आणि तो घरी आला की तुम्ही ते ऐकून वहीत उतरवायचात, तसंच. ध्वनिमुद्रणाची कार्डं त्याच्या खोक्यात तुमच्याकडेच आहेत. फक्त पंधरावं, शेवटचं, ऐकू नका. उगाच त्रास होईल. त्याची नोंद मी केली आहे, ती सोबत पाठवतो. वहीत तेवढी उतरवून घ्या. दादा क्षणात गेला, त्याला काही कळलंही नाही, एवढंच धरून चालायचं.

परवा स्टुडिओत सगळ्यांना सांगत होतो. लपणात बसल्यावर तोंडातून शब्द काढायचा नाही, म्हणून माइकवर तीन टिचक्या म्हणजे ‘थांब, उठायचंय’, असं आमचं ठरलेलं. तीच खूण तो जेवणाच्या टेबलावर माझ्यावर चालवायचा. माझी बडबड वाढली की ताटावर टक टक टक! तुम्ही आणि आई किती हसायचात.

आईला सांगा, पुरस्कार मिळाला तर तो तिच्याच कपाटावर बसेल. मायेला ओहोटी लागू देऊ नका.

आपला,
धाकटा

दि. १७ जानेवारी

चि. भावजींस,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. आईंची तब्येत बरी आहे. पुरस्कार मिळाला असं त्या जिना चढणाऱ्या प्रत्येकाला सांगतात. अजून मिळायचाय हे काही त्यांच्या डोक्यात शिरत नाही. प्रयोगशाळेतून आल्यावर रोज दोन कार्डं ऐकून वही पुरी केली. सोबत तिची प्रत आहे.

पंधरावं कार्डही ऐकलं. मी दिवसभर रक्ताच्या नळ्यांवर क्रमांक घालते. एखादी नोंद दुसऱ्याने सांगितली म्हणून लिहायची, हे मला जमत नाही.

ह्यांचे नेहमी दोन माइक असत. एक लांब तारेने बिळाच्या तोंडाशी, दुसरा कॉलरला, तारीख-वेळ बोलण्यापुरता. बोलून झालं की कॉलरचा बंद करत. चौदा कार्डांत एकदाही विसरलेले नाहीत. पंधराव्यावर तो शेवटपर्यंत चालू आहे. बिळाच्या माइकवर फक्त पिल्लांची कुरकुर आहे. मादी तेव्हा बाहेर होती, तुमच्याच चित्रपटात ती मासा धरून काठावर बसलेली दिसते. श्वास आहे तो कॉलरच्या माइकवर.

भावजी, चोवीस वर्षं मी त्या श्वासाशेजारी झोपले.

नोंद अशी केली आहे. सकाळी सहा बारा, ह्यांचा आवाज, वारा नाही. सहा एकतीस, श्वास जड. सहा चौतीस, तीन टिचक्या. सहा सदतीस, तीन. सहा एकेचाळीस, तीन. सहा सेहेचाळीस, दोन. सहा बावन्नपासून नुसतं पाणी आणि पक्षी. सात दहाला लांबून तुमची हाक, ‘दादा, मिळाला रे शॉट!’

तुम्ही समोरच्या काठावर कॅमेऱ्यापाशी होतात, ह्यांच्या माइकचा आवाज तिथे हेडफोनमध्ये येतो. एकच विचारते. हेडफोन तुमच्या कानांवर होते का?

खोकला अंगावर काढू नका. पूर्वीचा जिव्हाळा राहो.

वहिनी

दि. २२ जानेवारी

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

हो, कानांवर होते. लपवत नाही.

पण वहिनी, तिथे बसल्याशिवाय कळायचं नाही. एकोणीस दिवस आम्ही त्या मादीची वाट पाहिली होती. मी उठलो असतो तर तिने पिल्लं उचलून दुसरीकडे नेली असती आणि सगळं संपलं असतं. टिचक्या ऐकू आल्या. वाटलं, दादाच्या पायाला मुंग्या आल्या असतील, डास असतील. दोनच मिनिटं, दोनच मिनिटं, असं करत राहिलो. श्वास मात्र मला मादीचाच वाटला, आजही वाटतो. स्टुडिओतलं कोणी वेगळं बोललं नाही. आणि डॉक्टर म्हणालेच होते, हृदयाचा झटका एवढा मोठा होता की लगेच गाठलं असतं तरी तो वाचला नसता.

माहितीपत्रक छापून झालंय. आता तोंड उघडलं तर मी बुडेनच, पण दादाचं नावही जाईल. पुरस्कार मिळाला तर तो त्याच्या नावाचा असेल, तो तुम्ही घ्यावा अशी माझी इच्छा आहे. वही मी पाठवली आहे, फक्त पंधराव्याची नोंद माझी ठेवली. रागावू नका. आणि आईला यातलं काही कळू देऊ नका, ती खचेल.

पदरात घ्या, एवढंच मागतो.

आपला,
धाकटा

दि. ११ फेब्रुवारी

चि. भावजींस,
अ. उ. आ.

काल मी महोत्सवाला आले, कारण तो श्वासाचा तुकडा मोठ्या पडद्यावर दाखवणार होते. दिवे मालवले. चारशे माणसं स्वतःचा श्वास रोखून ह्यांचा श्वास ऐकत होती. शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि हळूच म्हणाल्या, आईचं काळीज आहे हो.

टिचक्या नव्हत्या. एकही नव्हती. मादीचाच श्वास वाटला असता, तर त्यातून टिचक्या वेचून काढायची गरज पडली नसती.

नंतर पुरस्कार घ्यायला आपल्या दोघांना मंचावर बोलावलं आणि तुम्ही बोलायला लागलात. दादा काम करता करता क्षणात गेला, भाग्याचं मरण आलं, म्हणालात. माझ्यापुढे दुसरा माइक होता. मी त्यावर तीन टिचक्या मारल्या. लोकांना वाटलं, माइक चालू आहे का बघते आहे. एक गृहस्थ लगबगीने येऊन आवाज वाढवून गेले. तुम्ही मात्र माझ्याकडे वळून पाहिलंत. मग उरलेल्यांचे आभार मानलेत, एकेकाचं नाव घेऊन.

वाचले नसते, हे मी मान्य केलं. एकटे गेले नसते, एवढंच.

स्मृतिचिन्ह आईंच्या कपाटावर आहे. महोत्सवाने तो तुकडा फोनवर पाठवलाय. आई सकाळपासून चार वेळा लावायला सांगतात. बिचारी किती दमली आहे गं, म्हणतात, आणि पडद्यावरून हात फिरवतात. मुलाला जाताना त्रास झाला का, हेही रोज विचारतात. आजवर तुमचं उत्तर मी देत आले.

रविवारी या. मूळ वही टेबलावर ठेवते. आईंना आता बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून पंधरावी नोंद तुम्ही वाचून दाखवायची, सहा बारापासून सात दहापर्यंत. आला नाहीत तर मी वाचेन.

तुम्ही वाचत असताना मी मध्ये टिचकी मारणार नाही.

लोभाचं त्यानंतर बघू.

वहिनी