घोड्यांच्या जागेवर टिश्यूचं पाकीट

आदरणीय रापिआताईस,

धाकट्या मर्झुकीचा सलाम. मी इथे खुशाल आहे. गुडघे सोडले तर बाकीचा सगळा देह माझं ऐकतो, आणि या वयात एवढं पुष्कळ झालं. तुझी तब्येत कशी आहे ते सविस्तर कळव, नेहमीसारखी ‘बरी आहे’ म्हणून बोळवण करू नकोस. हफीझला आणि सूनबाई नोरलिनला आशीर्वाद, नातवाला पापा. तुमच्या पर्थला आता थंडी पडली असेल. मी पाठवलेली लोकरी टोपी घालतेस की कपाटात जपून ठेवली आहेस? (ठेवली असणार. तुला मी ओळखतो.)

फोन असताना मर्झुकी पत्र का लिहितोय, असं तुला वाटेल. त्याचं असं आहे की नोरलिन गुणी मुलगी आहे, पण माझा फोन आला की ती स्पीकर लावून जेवणाच्या टेबलावर ठेवते, आणि मग मी तुझ्याशी न बोलता तुमच्या अख्ख्या घराशी बोलतो. मागच्या खेपेला माझ्या पोटाच्या तक्रारीवर तुझ्या नातवाने मला पपई सुचवली. सल्ला चांगला होता, गुणही आला, पण मोकळेपणा गेला तो गेलाच. म्हणून म्हटलं, लिहावं.

बातमी अशी की आपला रेसकोर्स आता घरांचा होणार. घोडे केव्हाच गेले, मग तिथे मोटारींची दुकानं आली, फर्निचर आलं, पोरांच्या फुटबॉलच्या शिकवण्या आल्या. तरी लोक त्याला रेसकोर्सच म्हणत राहिले. आता मात्र सरकारने मनावर घेतलंय. सरकारी घरं आणि खाजगी घरं शेजारीशेजारी, मधून बागा, खालून रेल्वे. म्हणजे ज्याच्या दारात तीन गाड्या आणि ज्याच्या दारात तीन चपला, असे दोघे एकाच झाडाखाली फिरायला येणार. त्या सगळ्या आराखड्याचं प्रदर्शन भरलं होतं. मी जाणार नव्हतो, पण माझ्या वरच्या मजल्यावर राहणाऱ्या पोहने भुणभुण लावली. (तुला पोह आठवत नसेल. लोखंडी सामानाचं दुकान होतं, ते मुलावर सोपवलं आणि आता बुलबुल पाळतो. पिंजरे एवढे झालेत की त्याची बायको म्हणते, या घरात मीच पाहुणी आहे.) पोह ऐन जवानीत दर शनिवारी रेसला जायचा आणि रिकाम्या खिशाने परत यायचा. तो म्हणाला, “अरे, त्या जमिनीचे हप्ते मी वीस वर्षं भरलेत. ताबा तेवढा मिळायचाय. चल, बघून तर येऊ.”

आत शिरताच पोह एका लांबलचक रांगेत जाऊन उभा राहिला. कशाची रांग हे त्याने विचारलं नाही. आपल्याकडे कोणी विचारत नाही, रांग लांब आहे म्हणजे पुढे काहीतरी चांगलं असणार. मी त्याला तिथे सोडला आणि हॉलच्या मधोमध गेलो. तिथे मोठ्या टेबलावर अख्ख्या वसाहतीची प्रतिकृती मांडली होती. इवलीइवली पांढरी घरं, हिरव्या स्पंजची झाडं, नखाएवढी माणसं. घोडा एकही नाही. जुना प्रेक्षकांचा सज्जा तेवढा ठेवायचा म्हणतात, तो बघून मी अंदाज बांधत गेलो: हा सज्जा, म्हणजे इथे ट्रॅक, इथे उतार, त्या टोकाला तबेले आणि तबेल्यांच्या मागे मोतद्दारांच्या खोल्या. म्हणजे आपली खोली. ताई, बरोबर त्या जागी एक पांढरी इमारत होती, आणि तिच्या गच्चीत एक इवलीशी बाई उभी होती.

हॉलमध्ये गारठा असा की नाक गळायला लागलं. मी खिशातून टिश्यूचं पाकीट काढलं, नाक पुसलं. मग नीट बघायला चष्मा हवा, चष्म्याला दोन्ही हात हवेत, म्हणून पाकीट क्षणभर त्या इमारतीशेजारच्या हिरवळीवर ठेवलं. तेवढ्यात पोहने हाक मारली. त्याच्या रांगेचा उलगडा झाला होता. पुढे संडास होता. पोह म्हणाला, एवढा वेळ उभा राहिलोच आहे तर आता जाऊनच येतो, माझी पिशवी धर. मी धरली. आणि पाकीट तिथेच राहिलं.

परत येतो तर टेबलाभोवती ही गर्दी! एक बाई तिथे माहिती देणाऱ्या मिस ओंग नावाच्या बाईंना विचारत होत्या, “हे सपाट छपराचं काय आहे, पोहण्याचा तलाव का?” मिस ओंग नवीन असाव्यात. त्यांनी नकाशा पाहिला, पाकीट पाहिलं, आणि त्यांचा चेहरा उतरला. बाजूचा एक गृहस्थ म्हणाला, “तलाव कसला? कोणीतरी जागा धरलीय.” झालं! आता तुला मी काय सांगू? दुपारी फूड सेंटरमध्ये खुर्चीवर टिश्यूचं पाकीट दिसलं की ती खुर्ची गेली, मग भुकेने चक्कर येवो, तिकडे कोणी बघत नाही. आपली माणसं कायदा एक वेळ मोडतील, पण टिश्यूचं पाकीट हलवणार नाहीत. इथेही तेच झालं. पण आधी धरलेली जागा पाहिली की उरलेल्यांना आपलं हुकेल ही धास्ती! एका आजींनी शाळेच्या बाजूला घडीची छत्री ठेवली. एका जोडप्याने रेल्वे स्टेशनाजवळ किल्ल्या ठेवल्या. कोणी पाण्याची बाटली, कोणी व्हिजिटिंग कार्ड. खाजगी घरांच्या बाजूला एक उंची पर्सवाल्या बाई बराच वेळ घुटमळल्या, आणि मग त्यांनीही पर्समधून टिश्यूचं पाकीटच काढलं. सुगंधी होतं, एवढाच काय तो फरक. बघताबघता त्या सुंदर वसाहतीचं भर दुपारचं फूड सेंटर झालं, फक्त वाफाळता भात तेवढा नव्हता.

शेवटी मोठे साहेब आले. त्यांनी आधी गोड शब्दांत विनंती केली, की घरांची विक्री अजून सुरू झालेली नाही, विक्री झाली तरी ती अर्जाने आणि सोडतीने होईल, तरी आपापल्या वस्तू उचलाव्यात. कोणी हललं नाही. प्रत्येकाचा हिशेब एकच, मी उचलली आणि शेजारच्याने नाही उचलली तर? साहेबांनी मग स्वतःच हात पुढे केला. माझ्या पाकिटापर्यंत आणला, आणि तिथे तो थबकला. तेही इथलेच, त्यांचाही हात त्याच फूड सेंटरांत वाढलेला. हात मागे घेऊन त्यांनी जरा वैतागून विचारलं, “हे पहिलं पाकीट कोणाचं?”

मी हात वर केला. सगळे माझ्याकडे बघायला लागले. खरं म्हणजे ‘चुकून राहिलं, माफ करा’ एवढं म्हटलं असतं तर मिटलं असतं. पण त्या क्षणी मला बाकी काही दिसेना, फक्त तबेल्यामागची ती भिंत दिसली. पहाटे घोड्यांचा सराव बघायला मोतद्दारांची सगळी पोरं तिथे गर्दी करायची. मी झोपाळू, नेहमी उशिरा यायचो, आणि तू भिंतीवर तुझ्या शेजारी तुझी एक चप्पल ठेवून माझी जागा धरलेली असायचीस. बाबा खालून ओरडायचे, “अगं रापिआ, उघड्या पायाला मुंग्या चावतील ना तुझ्या!” (बाबांना प्रत्येक घोड्याची नाडी ठाऊक, पण त्यांनी जन्मात कधी पैसा लावला नाही. हराम ते हराम. पोहला हे सांगितलं तर तो अजून हळहळतो.) तेव्हा टिश्यूची पाकिटं कुठे होती? चप्पल होती.

साहेब म्हणाले, “अंकल, किती जणांची जागा?”

मी म्हटलं, “दोघांची.”

“दुसरं माणूस दिसत नाही ते?”

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, “माझी बहीण आहे. खायला आणायला गेलीय. येतेच आहे.”

कोणी हसलं नाही, ताई. सगळ्यांनी समजुतीने माना हलवल्या. साहेब म्हणाले, “ठीक आहे, ती आली की उचला,” आणि पुढच्या छत्रीकडे वळले. पोह तेवढ्यात संडासातून आला आणि अंतिम रेषेवर नक्की कोणाचं स्वयंपाकघर येणार हे मिस ओंगना विचारत बसला, म्हणून मला डोळे पुसायला वेळ मिळाला. टिश्यू मात्र हाताशी नव्हता, बाहीनेच पुसले.

असो. इकडचं सगळं क्षेमकुशल. सर्वांना माझा सलाम.

तुझा,
मर्झुकी

ता. क. इथपर्यंतचं पत्र नोरलिनला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही. ती हसेल. यापुढचं तुझं तू वाच.

ता. क. दुसरा. त्या दिवशी फोनवर मी विचारलं, ताई कशी आहेस, तर उत्तर नोरलिनने दिलं, “आई मजेत आहेत.” मग ती चहा बघायला गेली तेव्हा तू हळूच म्हणालीस, इथे संध्याकाळी भिंतीपलीकडून कोणाचा आवाजसुद्धा येत नाही रे. ते माझ्या डोक्यातून जात नाही. तू नातवाला सांभाळायला गेलीस. तो आता तुझ्या खांद्याला लागला. त्यांना तुला ‘जा’ म्हणायला जीभ रेटत नाही आणि तुला ‘जाते’ म्हणायला. कोणाचा दोष नाही. पण ताई, तू खायला आणायला गेली होतीस. फार वेळ झाला. परत ये.

ता. क. तिसरा. एकटा म्हातारा म्हटला की सरकार लहानसं घर देतं. दोघं भावंडं मिळून अर्ज केला तर जरा मोठं मिळू शकतं, असं मिस ओंग म्हणाल्या. घरं कधी होतील हे विचारलं तर त्यांनी आधी माझे केस पाहिले, मग मला बसायला खुर्ची दिली. तेव्हा त्यांच्या भरवशावर राहण्यात अर्थ नाही. माझ्या क्लेमेंटी भागातल्या घरात मुलगी लग्न होऊन गेल्यापासून मागची खोली रिकामी आहे. डावीकडच्या घरात रोज भांडणं होतात, उजवीकडे कराओके आहे. भिंतीपलीकडून भरपूर ऐकू येतं.

ता. क. शेवटचा. त्या खोलीवर पोहचा डोळा होता. काल मला न विचारता दोन पिंजरे घेऊन आला, म्हणे रिकामीच तर आहे. मी दार उघडून दिलं. पलंगावर धुतलेली चादर होती आणि उशीवर टिश्यूचं पाकीट. पोहने ते पाहिलं, दोन्ही पिंजरे उचलले आणि पाय न वाजवता वर निघून गेला.