जाड अक्षराचा तुटका खूर

मी, खाली अंगठा करणारी बाई, वय अठ्ठ्याहत्तर, छापून झालेले अक्षरांचे खिळे सोडवून आपापल्या खणात टाकण्याचं काम छापखान्यात बत्तीस वर्षं केलेली, हे मृत्युपत्र सांगते. लेकीची मुलगी लिहून घेते. माझं डोकं ठिकाणावर आहे, गुडघे नाहीत. माझ्यावर दबाव आहे, पण तो हे न लिहिण्याचा. भीती वाटते म्हणून घाई.

१. राहतं घर, खोल्या दोन, माझ्या लेकीला. कारण लिही. ("कारण लागत नाही, आजी." "मला लागतं गं, लिही.")

नऊ दिवसांपूर्वी मुलगा कागद घेऊन आला. "दवाखान्याचा आहे, आई, अंगठा टेक." मला वाचता येत नाही. पण खिळे लावून लावून अक्षरांचे आकार ओळखते. वरची ओळ जाड, खुरांच्या, म्हणजे पायाशी रुंद टोकं असलेल्या अक्षरांत होती, आणि तिसऱ्या अक्षराचा उजवा खूर तुटका. तो मीच तोडला आहे. घर दुसऱ्याच्या नावे करून देण्याच्या कागदाचा तो मथळा. तो आम्ही कधी सोडवत नसू, दोऱ्याने बांधून फळीवर ठेवत असू. पुसताना हातून पडला, खिळ्याचा डावा खूर उडाला, मी गप्प बसले. छापल्यावर तो उजवीकडे दिसतो. छापखान्याचे मालक वारले, छापखाना मिटला, तिथले छापील कागद मात्र अजून विकले जातात. कबुली आज देते.

म्हटलं, "अंगठा भाजलाय रे," आणि तो गेल्यावर धडधाकट अंगठ्याला चिंधी बांधली. आता रोज विचारतो, "बरा झाला का?" एवढी विचारपूस माझ्या न्यूमोनियात नव्हती. जिना वाजला की हात पांघरुणात जातो.

२. मालकांनी निरोपाला दिलेली जाड खिळ्यांची पेटी नातीला. हे अक्षर पहारेकऱ्यासारखं: छाती रुंद, पाय रोवलेले, कंबर मात्र बारीक. यंत्र जोरात दाबलंस तर कंबरच मोडते. धोक्याच्या पाटीला, लिलावाला, मेलेल्याच्या नावाला वापर. प्रेमपत्राला नको, पळून जाईल तो. पानभर लावलंस तर नुसता गोंगाट.

३. मुलाला माझा चष्मा. मला वाचता येत नाही हे त्याने हेरलं, दिसतं हे विसरला. मला अंगठेबहाद्दर म्हणणाऱ्या जाऊबाईंना काही नाही. त्यांना त्यांचं वाचन पुरे.

४. अंगठ्याआधी हे सगळं शेजारच्या मास्तरीणबाईंनी मोठ्याने वाचावं. तेव्हा नातीने बाहेर थांबावं.

"आजी, माझ्यावरही विश्वास नाही?" असं ती विचारते. तेही लिही. पोरी, तू लबाड नाहीस. पण तुझ्या मामानेही 'आई' म्हणतच कागद पुढे केला. आणि तुझं अक्षर मला वाचता येत नाही. जा, दार ओढून घे.

(येथून अक्षर मास्तरीणबाईंचं.) वाचून दाखवलं. सांगितल्याबरहुकूम आहे. आजींनी दुसऱ्यांदा वाचायला लावलं. मग कागद माझ्या हातून घेऊन दुसऱ्या साक्षीदारांना दिला. त्यांनीही तेच वाचल्यावर अंगठा केला, आणि मगच नातीला आत बोलावलं.

अंगठा: डाव्या हाताचा
साक्षीदार: १. शेजारच्या मास्तरीणबाई (सही) २. छापखान्यात खिळे जुळवणारे जुने जुळारी (सही, खूर कुणी तोडला ते आज कळलं)
स्थळ: आजींची स्वयंपाकखोली, आतून कडी
दिनांक: नऊ मार्च, दुपारी