मावशी दमली

९ फेब्रुवारी

सकाळीच खेळणीवाल्याचा फोन. "ताई, तोंड गोड करा. आपलं पाखरू सैन्यात लागलं!"

मला काही समजेना. आमच्या घरातून सैन्यात गेलेला एकच, माझा लेक, आणि तो तिकडे आघाडीवर खंदकात बसलाय.  मग उजेड पडला — पाखरू म्हणजे ते खेळणं. चार पंख्यांचं, उडणारं, बोलणारं.

रेडिओतून निवृत्त झाल्यावर मी मिळेल त्याला आवाज देत होते. लिफ्टमध्ये "दरवाजा बंद होत आहे" म्हणते ती मीच. बँकेच्या फोनवर "कृपया प्रतीक्षा करा" म्हणून लोकांच्या शिव्या खाते तीही मीच. तसंच हे. टायरच्या दुकानामागे त्याची शेड. दाराला रजई लटकवून एका दुपारी चार वाक्यं बोलून घेतली. चल, उडूया. वारा फार सुटलाय हं. सापडत नाही का मी? आणि बॅटरी उतरली की — दमले बाई, घे मला खाली. या शेवटच्या वाक्यावर त्याने माझा जीव खाल्ला. "अशा दमा ताई, की पोराला दया आली पाहिजे." दमले. मानधन घेतलं आणि विसरले.

आता सैन्य ट्रक भरभरून नेतंय. पोटाखाली बॉम्ब बांधायचा आणि सोडायचं. मी म्हटलं, सैन्याला दुसरं काही मिळालं नाही? "ताई, एकदाच जायचंय त्याला, आणि मरायचंय. मग महागातलं कशाला घेतील?"

हे नाश्ता करता करता ऐकत होते. ह्यांचं आयुष्य बाणाच्या कारखान्यात गेलं. बाण म्हणजे विमान पाडायचं क्षेपणास्त्र. तिथे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे बाणच म्हणतात. म्हणाले, "गेल्या महिन्यात आमचा एक बाण सोडला. त्यांचं असलंच एक उडतं डबडं पाडलं. नेम अचूक. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. एक हिशेबनीस तेवढा डोकं धरून बसला होता."

मी हसले. हे हसले नाहीत.

१४ फेब्रुवारी

लेकाचा फोन. आवाज मडक्यातून आल्यासारखा, पण त्याचाच.

"आई, तू इथे फेमस आहेस."

म्हटलं, मोजे मिळाले का ते आधी सांग. मोजे मिळाले. मग सांगायला लागला. समोरच्यांकडेही तेच पाखरू आहे. कुठून घेतात देव जाणे, पण तेच. बॉम्बच्या ओझ्याने त्याचा जीव मेटाकुटीला येतो. खाली माणूस हेरायला एका जागी थांबलं की बॅटरी बसते, खेळण्याला वाटतं आपण दमलो, आणि ते बोलतं. उडवणारा कोसभर लांब बसलेला, त्याला ऐकू जात नाही. ज्याच्या डोक्यावर असतं त्याला जातं. मग एखाद-दुसरा श्वास घेण्याइतका वेळ मिळतो. तेवढ्यात बिळात शिरायचं.

"पोरं तुला मावशी म्हणतात. मावशी दमली रे, पळा! मंगळवारी दोघं वाचले. काल मी."

काल मी. मोज्यांबद्दल सांगावं तसं सांगितलं.

"त्यांना सांगितलंस, ही माझी आई आहे म्हणून?"

"वेडी आहेस का? मग रोज एकेक जण फोनवर तुला 'दमले बाई' म्हणायला लावेल. आणि इथे आमचा एकच मंत्र आहे — माय मरो पण मावशी जगो."

"मेल्या, माय जिवंत आहे अजून."

हसला. मग हळूच म्हणाला, बाबांना यातलं सांगू नकोस. त्यांना झोप लागणार नाही.

आणि मला लागते!

१५ फेब्रुवारी

कांदा चिरताना मोठ्याने म्हणून पाहिलं — दमले बाई, घे मला खाली. बोट कापलं.

१७ फेब्रुवारी

खेळणीवाल्याच्या शेडवर गेले. आधी इथे बाहुल्यांचे हात-पाय टोपल्यांत पडलेले असायचे. आता नुसते पंखे. दारात खाकी ट्रक.

विचारलं, समोरच्यांकडे आपला माल कसा जातो?

"ताई, मी ठोक व्यापाऱ्याला देतो. तो कुणाला देतो ते मी कसं विचारू? लहान मुलं सगळ्या देशांत असतात."

हे त्याने डोळ्याला डोळा भिडवून म्हटलं. वाईट माणूस नाही. माझ्या बोटाला चिंधी दिसली तर स्वतः पट्टी आणून बांधली. आवाज असलेलंच का पाठवता, असंही विचारलं. म्हणाला, बोलायची आणि उडायची चिप एकच. नवी बनवून घेण्यापेक्षा बोलू दिलेलं स्वस्त पडतं. स्पीकर काढावा तर तो पोटात चिकटवलेला. पोट फाडलं की पाखराचा तोल जातो.

म्हणजे माझा मुलगा जिवंत आहे तो या माणसाच्या चिक्कूपणामुळे. मनातल्या मनात नमस्कार केला आणि परत आले.

२६ फेब्रुवारी

कारखान्यात बाणाची ओळ बंद. ह्यांच्या खात्यातल्या दिव्यांपैकी निम्मे घालवलेत. वरून हुकूम आला — अनुभवी माणसांनी खेळण्याच्या शेडवर जाऊन "सुधारणा" सुचवाव्यात. तीस वर्षं ज्या माणसाने रोज तीन फाटकांवर झडती देऊन काम केलं, तो आज टायरच्या दुकानामागून आत शिरला. घरी आल्यावर बूट पायात तसेच ठेवून बसून राहिले.

"काय झालं?"

"काही नाही. तो मला भावोजी म्हणतो."

मी हसू दाबलं. म्हटलं, मी त्याची ताई, मग तुम्ही भावोजीच.

"सगळ्यांसमोर म्हणतो. भावोजी, जरा तो स्क्रू द्या." थोड्या वेळाने म्हणाले, "पण पोरगा हुशार आहे. आम्ही जे समिती नेमून करायचो ते तो रबर बँड लावून करतो."

हे कबूल करताना ह्यांचा चेहरा पाहवत नव्हता.

४ मार्च

आज घरात भांडण. लग्नाला इतकी वर्षं झाली, असं भांडलो नव्हतो.

सैन्यातले एक साहेब शेडवर आले होते. एक कैदी पकडलाय म्हणे. त्याला आपल्या भाषेतला एकच शब्द येतो — दमलेबाई. सलग, एका दमात. त्यांच्याकडेही तो ऐकला की पळतात. म्हणजे आमची पाखरं मारायला जातात आणि आधी ओरडून सांगतात. साहेबांनी ह्यांना बाजूला घेतलं. "पोट न फाडता आवाज बंद करा. आठ दिवसांत. नवीन खर्च नको."

किती दिवसांनी ह्यांना कुणीतरी काम सांगितलं होतं! जेवायलाही न बसता सांगत होते.

मग मात्र मी लेकाला दिलेला शब्द मोडला. सगळं सांगितलं. काल मी, हे पण सांगितलं.

हे खुर्ची ओढून बसले. मग एकेक शब्द तोलून म्हणाले, "त्याच्या डोक्यावर येतं ते त्यांचं पाखरू. मी बंद करतोय ते आपलं. त्यांचं बोलतच राहील. उलट आपलं मुकं झालं तर त्यांचे उडवणारे कमी होतील. त्याचंच भलं आहे."

"आणि व्यापारी?"

"मुकं केलेलं एकही व्यापाऱ्याकडे जाणार नाही. शेडला पहारा बसलाय. मी स्वतः मोजून ट्रकात चढवणार."

मी म्हटलं, त्या बाजूलाही कुणी माझ्यामुळे वाचत असेल. हे म्हणाले, असेल.  खरं लिहायचं तर मला त्या बाजूचं काही वाटलं नाही. माझ्या आवाजाने आपली पोरं वाचावीत आणि तिकडची वाचू नयेत, एवढंच वाटलं. वहीत तरी खोटं कशाला.

ह्यांचं गणित बरोबर होतं. मला चूक सापडली नाही.

पाखराच्या पोटाला खाली बारीक जाळी आहे. तिथून काहीतरी टोचून आतला पडदा फाडता येईल, असं हे म्हणत होते. घरातल्या सुया वाकल्या. शेवटी मीच माळ्यावरच्या डब्यातून पोती शिवायचा दाभण काढून दिला.

६ मार्च

जमलं. हे सांगत होते — जाळी टोचली की एकदा चर्र होतं, मग काही नाही. साहेबांनी पाठ थोपटली. तीस वर्षांत बाणाने नाव दिलं नाही ते दाभणाने दिलं. येताना माझ्यासाठी नवा दाभण आणला, कागदात गुंडाळून.

११ मार्च

लेक सुखरूप. मोजे वाळत नाहीत म्हणतो.

१५ मार्च

फोन आला तेव्हा बोलणं नेहमीचंच. पाऊस, चिखल, कुणाची तरी दाढदुखी. मग म्हणाला, "आई, मावशी रुसली वाटतं."

"म्हणजे?"

"परवा एक न बोलताच आलं. आमच्या स्वयंपाक्याचा पाय गेला. काल एक न फुटता पडलं, ते आम्ही उलटं करून पाहिलं. पोटाला भोक होतं. जाळी फाटलेली. कुणीतरी जाड सुई घातल्यासारखी."

मी माळ्यावरच्या डब्याकडे बघत राहिले. 

"आई? आहेस ना?"

"आहे. सांभाळून राहा. वर बघत राहा."

"वर बघून काय होणार? आम्ही कानांवर जगत होतो."

हे घरी आले तेव्हा सांगितलं. खुर्चीवर बसले नाहीत, उभेच राहिले. आपलंही एखादं न फुटता तिकडे पडलं असणार. त्यांनी उलटं करून पाहिलं असणार. भोक दिसलं, कळलं. त्यासाठी ना नकाशा लागला, ना हेर.

"बाणातलं गुपित आम्ही वीस वर्षं राखलं," हे म्हणाले. "दाभणाचं आठवडाभरसुद्धा राहिलं नाही."

मी म्हटलं, स्वस्त होतं ना.

असं बोलायला नको होतं. पण बोलले.

१६ मार्च

शेडवर जाऊन आले. खेळणीवाल्याला म्हटलं, पुढच्या खेपेपासून दुप्पट मोठा आवाज घाला, मी फुकट बोलते. हात जोडले त्याने. "ताई, ज्याला मुकं हवं तो टोचणार. एकदा कळलेली युक्ती मी परत कशी घेऊ?"

मग दार लावून घेतलं आणि बाहुल्यांच्या जुन्या खोक्यावर बसून रडला. त्याचाही भाचा तिकडेच आहे. मला माहीत नव्हतं. त्याला ताई म्हणू देते, पण कधी विचारलं नव्हतं.

१८ मार्च

हे दोन दिवस स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसलेत. पाखराचीच चिप, एक छोटा माइक, दिव्याची तार. पंख्यांची घरघर ऐकली की मनगटाला झटका देणारा डबा. नाव ठेवलंय — कान. खेळणीवाला स्वतः सामान घेऊन आला आणि जमिनीवर बसून तारांना कथलाचे डाग देत होता. "भावोजी, इकडे जरा जास्त झालं." "तू तुझं बघ रे." मी चहा करत होते. इतक्या दिवसांत घरात पहिल्यांदा बरं वाटलं.

संध्याकाळी चाचणी. हे अंगणात लांब उभे राहिले, खेळणीवाल्याने पाखरू उडवलं, डबा माझ्या मनगटावर. झटका बसला! दोनदा, तीनदा, दर वेळी वेळेवर बसला. हे तिथूनच ओरडले, बसला का? मी मान हलवली.

असे दहा करायचे ठरवलंय. पहिला उद्या सकाळच्या टपालाने जाईल. खोक्यात मोजेही घातलेत.

१९ मार्च

खोकं बांधून दाराशी ठेवलं होतं. फोन वाजला. नंबर अनोळखी.

"हॅलो. कोण बोलतंय?"

पलीकडे नुसता श्वास. मी पुन्हा विचारलं, कोण?

"मावशी?" एक कोवळा आवाज. लेकाच्या आईला म्हणून फोन लावला, आणि आवाज ऐकून त्याने मावशी ओळखली. म्हणजे लेकाने शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं.

मग तो रडायला लागला. "मावशी, काही ऐकूच आलं नाही हो."